फाइल मोठी आहे

मास्तरांच्या जावयाची एक खोड होती. कुठलीही अडचण समोर आली की तो आधी खुर्चीत मागं रेलायचा, दोन्ही हात डोक्यामागं बांधायचा आणि म्हणायचा, "एका मिनिटाचं काम आहे." गळका नळ, न छापणारा प्रिंटर, रुसलेली बायको, त्याच्या लेखी सगळं एका मिनिटाचंच. पैकी नळाला शेवटी प्लंबर लागला, प्रिंटर भंगारात गेला आणि बायकोचं पुढं काय झालं ते त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तर शिवणकट्ट्यावरची जागा संपली, तेव्हाही तो असाच रेलला.

शिवणकट्टा काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं. मास्तर म्हणजे या गड्याचे सासरे. उभी हयात कोट शिवण्यात घालवलेला माणूस. त्यांनी बेतलेला कोट अंगात घातला की पोक काढून चालणाराही ताठ दिसायचा. पण तयार कपड्यांची दुकानं निघाली, तसे मास्तर आणि त्यांच्यासारखे ठिकठिकाणचे टेलर एकेकटे पडत गेले. मोठं काम आलंच तरी एकट्याच्या मशीनवर ते होणार कसं? म्हणून जावयानं डोकं लढवलं आणि इंटरनेटवर टेलर लोकांसाठी गप्पांचा एक कट्टा उघडून दिला. तिथं अडलेलं विचारायचं, केलेलं दाखवायचं आणि मोठी ऑर्डर मिळाली की सगळ्यांनी वाटून घ्यायची. मास्तरांनी हे सगळं ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवला आणि म्हणाले, "बघा." लग्न झाल्यापासून जावयाला सासऱ्यांकडून मिळालेला हा सगळ्यात लांबलचक अभिप्राय होता.

आता तुम्ही म्हणाल, त्याला एवढं काय त्याचं? पण होतं. या माणसानं एकदा, फक्त एकदा, आपल्याला "छान" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. मास्तर इस्त्रीला छान म्हणायचे, कात्रीला म्हणायचे, एकदा तर गिऱ्हाइकाच्या कुत्र्याला म्हणाले होते. जावई तेव्हा शेजारीच उभा होता.

कट्टा मात्र जोरात चालला. टेलर मंडळींना टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे सगळा संवाद फोटोंतून चालायचा. कुणी फसलेल्या कॉलरचा फोटो टाकायचा, कुणी सरळ केलेल्या कॉलरचा. अस्तरवाल्या मावशी कोट उलटा करून आतलं अस्तर दाखवायच्या, आणि ते बघून बाहेरून कोट कसा आहे हे विचारायचं कुणाला सुचायचंही नाही. पण या सगळ्यांवर ताण केली ती काजवाले काकांनी. काकांनी जन्मभर काजंच केली होती आणि एकेका काजाचा ते पुराच्या पुरा व्हिडिओ टाकत. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत. मध्येच चहाला उठले तरी फोन चालूच राहायचा आणि लोक तेवढा वेळ रिकामी खुर्ची बघत बसायचे. कट्ट्यासाठी भाड्यानं घेतलेली जागा या काजांनी आणि त्या खुर्चीनं भरून गेली आणि एके सकाळी कट्टा बंद पडला.

"काकांना सांग ना, जरा छोटे व्हिडिओ टाका म्हणावं," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला सोपे उपाय आधी सुचतात.

"एकेकाला कुठं सांगत बसू? नियम पाहिजे, नियम," जावई म्हणाला. "फाइल केवढी चालेल याची मर्यादा घालून टाकतो. एका मिनिटाचं काम आहे."

मर्यादा घालायची जागा सापडायला खरंच मिनिटभर लागलं. तिथं एक चौकट होती आणि तिच्यात आकडा भरायचा होता. दुसऱ्या कुणीही लोक काय काय टाकतात ते आधी पाहिलं असतं, चार जणांना विचारलं असतं. जावयाचं म्हणणं असं की, लोकांना विचारलं तर लोक कायम जास्तच मागतात. आकड्याला काही तत्त्व हवं. म्हणून त्यानं आपल्या कॉम्प्युटरमधला स्वतःचा फोटो उघडला. ऑफिसच्या ओळखपत्रासाठी ऑफिसनंच पोस्टाच्या तिकिटाएवढा करून दिलेला. त्याची फाइल केवढी आहे ते बघितलं, वर थोडी ढील दिली आणि तोच आकडा चौकटीत भरून टाकला.

"एवढ्यात अख्खा माणूस बसतो," तो बायकोला म्हणाला, "तर काज बसायला काय हरकत आहे?"

बायको वह्या तपासत होती. तिनं मान हलवली, पण ती समोरच्या गणितासाठी होती.

मर्यादेबाहेरची फाइल कुणी चढवायला गेलं तर त्याला कॉम्प्युटरनं काहीतरी सांगायला हवं होतं. जावयानं तिथं लिहिलं, "फाइल मोठी आहे." केवढी चालेल, ती लहान कशी करायची, हे लिहावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण उगाच पाल्हाळ कशाला, असा विचार करून त्यानं ते सोडून दिलं, जुने मोठे व्हिडिओ पुसले आणि कट्टा पुन्हा चालू केला.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ऑर्डर आली. जावयाच्या ऑफिसातल्या एकाची बहीण एका वाद्यवृंदाची संचालक होती. तिला सगळ्या वादकांसाठी काळे लांब कोट हवे होते. वादक दर वर्षी बदलतात आणि कोट तेच राहतात, म्हणून सगळे कोट एकाच मापाचे, जरा सैल, बारीक-जाड कुणालाही शोभतील असे बेतायचे होते. असा कोट बेतायला अक्कल लागते. मास्तर आठवडाभर टेबलावर कागद पसरून बसले. जेवायला बोलावलं तरी खडू हातातच. शेवटी कोटाचा साचा तयार झाला, तेव्हा ते दोन पावलं मागं सरले आणि कागदाला म्हणाले, "छान."

काम कट्ट्यावरच्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं ठरलं. कापड ज्याचं त्याला पोचलं. हे जमलं तर पुढं हॉटेलांचे, शाळांचे गणवेश शिवायला मिळणार होते आणि बसून राहिलेल्या मशिनी पुन्हा चालणार होत्या. नाही जमलं तर सगळे पुन्हा आपापल्या दुकानात एकटे, रस्त्याकडे बघत. आता एवढंच राहिलं होतं की मास्तरांनी साच्याचा फोटो काढायचा आणि कट्ट्यावर टाकायचा.

मास्तरांनी फोटो काढला. फोन म्हणाला, फाइल मोठी आहे.

मास्तरांनी कागदाकडे बघितलं. कागद मोठा होताच, त्यात नाकारण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी साच्याची मधोमध घडी घातली आणि पुन्हा फोटो काढला. फाइल मोठी आहे. चौपदरी घडी घातली. फाइल मोठी आहे. शेवटी घडी हातरुमालाएवढी झाली, तिच्यात कोटाचा फक्त एक खिसा दिसत होता, तरी फाइल मोठीच. मास्तरांनी रागानं फोन खाली ठेवला आणि घड्या मोडलेल्या कागदावर इस्त्री फिरवली.

कुणाला विचारणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. तरी संध्याकाळी जावई दुकानावरून जाताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की फाइल मोठी असली तर काय करतात. जावई घाईत होता. तो म्हणाला, लहान करायची. उत्तरात चूक काही नव्हती. दोघांचंही समाधान झालं आणि जावई घरी गेला.

मास्तर विचार करत बसले. वस्तू तीच ठेवून ती लहान कशी करायची? तर लांब जायचं. लांबून हत्तीसुद्धा उंदराएवढा दिसतो. त्यांनी साचा भिंतीला टाचून समोरच्या भिंतीशी उभं राहून फोटो काढला. मग दारातून. मग जिन्यावरून. शेवटी त्यांनी साचा मागच्या अंगणात जमिनीवर अंथरला, मापाचा अंदाज यावा म्हणून मधोमध कमरेशी टेप लावून ठेवली, चार कोपऱ्यांवर चार इस्त्र्या ठेवल्या आणि स्वतः वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत गेले. जिने चढून धाप लागलेली, हात थरथरतोय, उजेड गेलेला. तशातच बटण दाबलं. फोटो काळपट आला, शिवाय हललेला. आणि चढला.

मास्तरांनी गॅलरीतच कपाळावरचा घाम पुसला. लांबून काढला की चढतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. खरी गोष्ट अशी, की अंधारातल्या हललेल्या फोटोत बघण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याची फाइल लहान होते. अंतराचा तिथं काही संबंध नाही. पण हे सांगायला अंगणात कोणी नव्हतं. मास्तरांनी लगेच कट्ट्यावर स्वतः टाइप करून सूचना दिली: फोटो वरून आणि दिवस मावळताना काढावा, म्हणजे चढतो. मास्तरांचा शब्द तो. सगळ्यांनी मान्य केला.

त्यानंतर कट्ट्याचं रूपच पालटलं. मावशी अस्तर गच्चीवरून टिपू लागल्या. काकांनी पाण्याच्या टाकीवर चढून एका काजाचा फोटो काढला, त्यात काज सोडून अख्खं आवार दिसत होतं. खाली लोकांनी लिहिलं, सुबक. जावई यातलं काही बघत नव्हता. त्याचं लक्ष जागा किती उरली त्या आकड्याकडे. कट्टा जवळजवळ रिकामाच राहिला होता, आणि त्याला ते शिस्तीचं फळ वाटत होतं. "लोकांना वळण लावलं की लागतं," तो जेवताना म्हणाला.

इकडे सगळ्या टेलरांनी मास्तरांच्या फोटोवरून साचा काढायला घेतला. फोटोतले आकडे काही वाचता येत नव्हते. पण टेप दिसत होती. टेपेवरून प्रमाण काढायचं आणि मोठं करून कापडावर उतरवायचं, यात या मंडळींचा हातखंडा. फक्त एवढंच, की गॅलरीतून बघताना कोटाचा घेर जवळ आला होता आणि खांदे पार पलीकडच्या भिंतीशी गेले होते. त्यामुळे घेर दिसत होता ऐसपैस आणि खांदे चिमुकले. मावशींना शंका आली होती. पण त्यांनी स्वतःची समजूत घातली की वाजवणारी माणसं बसून असतात, त्यांचे खांदे आत ओढलेले असतील. काकांनी ठरवलं की ही नवी फॅशन असणार. बाकीच्यांनी काहीच ठरवलं नाही, कारण मास्तरांनी काढलंय म्हटल्यावर ठरवायचं काय?

तरी मावशी सावध बाई. त्यांनी पहिला कोट शिवून झाल्यावर पुतळ्याला घातला, पुतळा अंगणात उभा केला आणि मास्तरांच्या पसंतीसाठी फोटो टाकला. गच्चीवरून, दिवस मावळताना. आता वरून बघितल्यावर खांदे जवळ आणि घेर लांब. कोट अगदी मास्तरांच्या मनातल्यासारखा दिसला. मास्तरांनी तो फोन डोळ्यांपासून लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि कळवलं, असेच सगळे करा.

झालं. सगळ्यांनी तसेच सगळे केले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे टेलर गठ्ठे घेऊन मास्तरांच्या दुकानी आले. बरेच जण एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते. कोट ओळीनं दांडीला लटकवले गेले. शिलाई एका दोऱ्याचीही इकडची तिकडे नाही. काजं रेखल्यासारखी. आणि एकूणएक कोट वर निमुळता, खाली पसरट, टेबलावरच्या दिव्याच्या टोपीसारखा. मास्तर दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. त्यांचा चेहरा बघून मावशींना रडू यायला लागलं.

तेवढ्यात संचालकबाई आल्या. त्यांनी एक कोट चढवला, म्हणजे दोघांनी मिळून तो चढवला. बाईंनी वाद्यवृंदाला खूण करायला उचलतात तसा हात उचलून पाहिला. तो कमरेपर्यंत आला आणि थांबला.

"हात वर जात नाही," बाई म्हणाल्या.

"किती वर जायला हवा?" मास्तरांनी विचारलं.

"डोक्याच्या वर."

मास्तरांनी हे टिपून घेतल्यासारखी मान हलवली. बाई तशा सभ्य होत्या. आरडाओरडा न करता त्यांनी सांगितलं की उद्या दुपारपर्यंत हात वर गेले पाहिजेत, नाहीतर तयार कोट आणीन आणि हे कापड तुमच्याकडेच राहील. मग मास्तरांनी आणि काकांनी त्यांना कोटातून बाहेर काढलं आणि त्या गेल्या.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. ज्यानं त्यानं सांगितलं की मी फोटोबरहुकूम शिवलंय. काकांनी मावशींकडे बघितलं, मावशींनी काकांकडे. निरोप मिळाल्यावर जावई आणि त्याची बायको धावत आले. बायकोनं सोबत आणलेल्या लॅपटॉपवर साच्याचा तो फोटो मोठा करून उघडला. मास्तर तो पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या पडद्यावर बघत होते.

"हा कुणी काढला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, बाबा," लेक म्हणाली. "पण असा गॅलरीतून का काढलात?"

"जवळून काढला की फाइल मोठी होते."

बायकोनं हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "मर्यादा किती ठेवली होतीस?"

जावई खुर्चीत रेलला नाही. खुर्ची होती, पण तो उभाच राहिला. "माझा फोटो बसेल एवढी," तो म्हणाला.

"कुठला? ओळखपत्राचा?"

"हो."

जावयाला वाटलं, मास्तरांनी आता कात्री जरी फेकून मारली तरी आपण हलायचं नाही. त्याला मनापासून लाज वाटत होती. एवढ्या लोकांचं काम, मावशींचे ते डोळे, आणि आपण जेवताना वळण लावल्याच्या गप्पा मारत होतो. पण मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली. अस्सल साचा उघडून मधोमध पसरला आणि म्हणाले, "माया किती सोडलीय सगळ्यांनी?"

आणि इथं त्या टेलर मंडळींचं नशीब उघडलं. कोट सगळ्यांना चालायला हवेत, म्हणून प्रत्येकानं शिवणीच्या आत जास्तीच्या कापडाची चांगली ऐसपैस माया सोडली होती, तळाशी भरपूर कापड दुमडलं होतं. खांद्याची शिवण उसवून माया बाहेर काढली की खांदा रुंद होणार होता. तळ मोकळा केला की लांबी मिळणार होती. घेराचं जास्तीचं कापड कापून निघणार होतं, त्याच्या पट्ट्या आखूड बाह्यांना लागणार होत्या. पण त्याआधी सगळेच्या सगळे कोट उसवायचे होते, तेही कापडाला चरा न पाडता. मशीनवर बसणारे हात उसवायला कोण घालणार? मास्तरांनी दुकानभर नजर फिरवली. एकच माणूस रिकामा होता.

जावयाला त्यांनी टेबलामागं आपल्या बाजूला बोलावलं. लग्न झाल्यापासून त्या टेबलामागं तो कधी गेला नव्हता. ब्लेड हातात दिलं, टाका कुठून उचलायचा ते एकदा दाखवलं आणि पहिला कोट पुढ्यात टाकला. जावई वाकला तो वाकलाच. इकडे तो उसवतोय, तिकडे मास्तर खडूनं खुणा करताहेत, काका काजं धरताहेत, मावशी अस्तर लावताहेत, लेक पट्ट्या मोजून देतेय. कुणाला फोटो काढायची आठवण झाली नाही. मध्ये कधीतरी काका चहाला उठले आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर मावशी बसल्या, तेवढीच काय ती करमणूक.

दुसऱ्या दिवशी दुपारी संचालकबाई आल्या. कोट घातला, हात उचलला. तो डोक्याच्या वर गेला. बाईंनी खाली वर दोनदा करून पाहिला. मग बाहीच्या टोकाकडे बघून म्हणाल्या, "ही पट्टी ठरली नव्हती."

"ती आमच्याकडून," मास्तर म्हणाले.

कार्यक्रमाला सगळे टेलर शेवटच्या रांगेत बसले होते. संगीतातलं त्यांना फारसं कळलं नाही, पण वादकांनी हात उचलले की ती सगळी रांग खांद्याकडे बघायची आणि हात वर गेले की श्वास सोडायची. टाळ्या सगळ्यात जोरात त्यांनीच वाजवल्या. मधल्या वेळात जावयानं रांगभर फिरून प्रत्येक टेलरला विचारून घेतलं होतं, की तुम्ही कसले फोटो टाकता, केवढे असतात, व्हिडिओ लागतो का. घरी गेल्यावर मर्यादा नीट मोजून घालायची आणि "फाइल मोठी आहे" या वाक्याखाली केवढी फाइल चालेल तेही लिहायचं, हे बायकोनं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. काकांनी चहाला उठताना फोन बंद करायचं कबूल केलं होतं. तेवढ्याला ते जरा नाराज होते.

बाहेर पडताना दारातल्या गर्दीत जावई नेमका मास्तरांच्या शेजारी आला. त्याची बोटं ब्लेडनं चिरलेली होती आणि पाठ अजून सरळ झाली नव्हती. मास्तरांनी त्याचा हात धरला, उलटासुलटा करून बोटं पाहिली.

"एकाही कापडाला चरा नाही पाडलात," मास्तर म्हणाले. "मोडायचं काम तुम्हाला छान जमतं, जावईबापू."

आणि पुढं निघून गेले.

जावई तिथंच उभा राहिला. खोटं कशाला सांगा, त्याचे डोळे भरून आले होते. बायको रिक्षा थांबवून त्याला हाका मारत होती. तो येऊन बसला आणि नुसताच हसत राहिला.

"बाबा काही म्हणाले का?" तिनं विचारलं.

"म्हणाले, छान जमतं."

"काय जमतं?"

जावयानं थोडा विचार केला. मग तो म्हणाला की त्याला फार भूक लागली आहे.